ग्रंथाची जागा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी साहित्याची पुस्तके ज्या घोड्यांवर मांडलेली असतात, त्यांच्या कडेला बहुधा एक आकडा चिकटवलेला असतो : ८९१.४६. मराठीच्या अभ्यासकाचे पुष्कळसे आयुष्य या आकड्याच्या आसपास जाते. तेथेच तो आपला विषय शोधतो, संदर्भ टिपून घेतो आणि पुढे आपल्या विद्यार्थ्यांनाही तेथेच पाठवतो. हा आकडा कोणी ठरवला आणि त्याच्या आत काय घेतले, बाहेर काय ठेवले, हा प्रश्न मात्र त्याला सहसा पडत नाही. मराठी आत्मकथनांवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या एका संशोधक विद्यार्थिनीला तो पडला, तोही काम सुरू होऊन वर्ष उलटल्यावर. कारण एक पुस्तक तिला त्या घोड्यांवर सापडेना.

पुस्तक दुर्मीळ नव्हते. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली 'ग्रंथाली'ने प्रकाशित केले आणि त्यानंतर मराठी आत्मकथनाचा कोणताही विचार त्याला वगळून करता येईनासा झाला. तिच्या घरीही त्याची एक प्रत होती. ती वडिलांच्या लोखंडी पेटीत, शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत आणि घराच्या कागदपत्रांसोबत ठेवलेली असे. पुढे घरात कपाट आले, मुलांची पुस्तके त्यात लागली. पण ही प्रत पेटीतच राहिली. ती मागितली तर वडील देत, वाचून झाली की पुन्हा पेटीत ठेवायला सांगत. प्रबंधासाठी ग्रंथालयातील आवृत्तीचा तपशील हवा होता म्हणून ती शोधायला गेली एवढेच.

ग्रंथालयातील सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला सगळे विद्यार्थी 'मामा' म्हणत. तिने त्यांनाच विचारले, "मामा, 'बलुतं' बांधणीला गेलंय का? घोड्यावर दिसत नाही." मामांनी मान वर न करता सांगितले, "बांधणीला कशाला जाईल? वर आहे, समाजशास्त्रात. इथं ते कधी नव्हतंच, ताई."

वरच्या मजल्यावर पुस्तक होते. पाठीवर वर्गांक होता ३०५.५६८ आणि त्यापुढे चरित्रात्मक लेखन दाखवणारे ०९२. डावीकडे अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील एक अहवाल, उजवीकडे झोपडपट्टीच्या पाहणीवरील एक प्रबंध. याच कवीचा 'कोंडवाडा' हा १९७४ सालचा संग्रह मात्र खाली, मराठी कवितेच्या रांगेत, तिने अनेकदा हाताळलेला होता. एकाच लेखकाची दोन पुस्तके एकाच इमारतीच्या दोन मजल्यांवर होती. कविता लिहिणारा तो खाली साहित्यिक ठरला होता आणि स्वतःचे आयुष्य सांगणारा तो वर एका सामाजिक प्रश्नाचा साक्षीदार.

ही मांडणी कोणाच्या आकसातून झालेली नव्हती. तिच्या मुळाशी एक सुसंगत विचार आहे आणि त्याचा इतिहास सव्वाशेहून अधिक वर्षांचा आहे. मेलविल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात काम करत असताना आपली दशांश वर्गीकरण पद्धती तयार केली आणि १८७६ साली ती एका ४४ पृष्ठांच्या पुस्तिकेच्या रूपाने, स्वतःचे नाव न घालता, प्रसिद्ध केली. तत्पूर्वी बऱ्याच ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे अमुक दालन, अमुक कपाट, अमुक फळी असा असे. कपाट भरले की व्यवस्था कोलमडे. ड्यूईने क्रमांक फळीला न देता विषयाला दिला. समस्त ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, त्यांचे पुन्हा दहा उपविभाग आणि दशांशचिन्हानंतर हवा तितका विस्तार. त्यामुळे नवे पुस्तक आले की ते दोन जुन्या पुस्तकांच्या मध्ये सहज शिरते आणि इमारत बदलली तरी क्रम बदलत नाही. ग्रंथपालनाच्या इतिहासात ही सोय किती मोठी होती हे वाचकांना मुक्तद्वार मिळाल्यावरच कळून आले.

परंतु कोणतीही दहाची विभागणी कोठेतरी उभे राहूनच करावी लागते. ड्यूई एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत उभा होता. त्याच्या आठव्या शतकात, म्हणजे साहित्याच्या वर्गात, ८१० अमेरिकन साहित्याला, ८२० इंग्रजीला, ८३० जर्मनला, ८४० फ्रेंचला, ८५० इटालियनला, ८६० स्पॅनिशला, ८७० लॅटिनला आणि ८८० ग्रीकला मिळाले. उरलेल्या जगाला ८९०. या एका खणात रशियन आहे, अरबी आहे, चिनी आहे, तमिळ आहे. त्यातील ८९१.२ संस्कृत, ८९१.४ आधुनिक भारतीय आर्य भाषा, ८९१.४३ हिंदी, ८९१.४४ बंगाली आणि ८९१.४६ मराठी. इंग्रजी कवितेला ८२१ हे तीन अंक पुरतात. मराठी कवितेला ८९१.४६१ असे सहा अंक लागतात. स्थानिक साहित्याला आखूड व अग्रभागी क्रमांक देण्याचा पर्याय पद्धतीच्या नियमांतच ठेवलेला आहे. तो स्वीकारायचा की नाही, हे ग्रंथालयाने ठरवायचे असते. मराठी साहित्याच्या घोड्याच्या कडेला ८९१.४६ दिसतो तेव्हा तो पर्याय स्वीकारला गेला नाही, इतके त्यावरून कळते.

अंकांची लांबी ही तशी वरवरची बाब आहे. अधिक महत्त्वाचा आहे तो साहित्य म्हणजे काय, याविषयी या तक्त्यात गृहीत धरलेला निर्णय. दशांश पद्धतीत साहित्याचे भाषेनंतरचे विभाजन प्रकारांनुसार होते : १ कविता, २ नाटक, ३ कथात्मक साहित्य, ४ निबंध, ५ भाषणे, ६ पत्रे, ७ विनोद व उपरोध, ८ संकीर्ण लेखन. यात आत्मकथनाला स्वतंत्र अंक नाही. ते साहित्यात आलेच तर 'संकीर्ण'मध्ये, रोजनिशी आणि आठवणी यांच्यासोबत बसते. ज्या भाषेत १९७८ नंतरच्या दोन दशकांत 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'जिणं आमुचं', 'उचल्या', 'कोल्हाट्याचं पोर' अशी आत्मकथने आली आणि वाङ्मयाची दिशा बदलून गेली, त्या भाषेचा हा प्रकार तक्त्याच्या लेखी किरकोळात जमा आहे.

दुसरा निर्णय असा की एखादे गद्य लेखन एखाद्या विषयाविषयी असेल तर ते साहित्यात न ठेवता त्या विषयात ठेवावे. शेतीवरील निबंध शेतीत, विवाहावरील निबंध समाजशास्त्रात. ग्रंथालयाच्या दृष्टीने नियम रास्त आहे. पण त्याचा परिणाम एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्यावर काय होतो हे पाहण्यासारखे आहे. लोकहितवादींची 'प्रभाकर'मध्ये १८४८ पासून आलेली शतपत्रे, जोतीराव फुले यांचे १८७३ सालचे 'गुलामगिरी' आणि १८८३ सालचा 'शेतकऱ्याचा असूड', ताराबाई शिंदे यांचे १८८२ सालचे 'स्त्री-पुरुष तुलना' हे सर्व लेखन कशाविषयी तरी आहे, किंबहुना ते तळमळीने कशाविषयी तरी आहे, म्हणूनच ते साहित्याच्या बाहेर जाण्यास पात्र ठरते. याउलट विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची १८७४ साली सुरू झालेली 'निबंधमाला' निबंध म्हणून साहित्याच्या रांगेत निर्वेधपणे बसू शकते. याच मालेतून चिपळूणकरांनी फुल्यांच्या लेखनावर आणि भाषेवर कठोर टीका केली होती. फुल्यांचे गद्य वाङ्मय म्हणून विचारात घेण्याजोगे नाही असा जो सूर त्या टीकेत होता, त्याच्याशी या वादाची गंधवार्ता नसलेला एक परका तक्ता नकळत सहमत होऊन बसतो. पुढच्या पिढीतील विद्यार्थी ८९१.४६४ समोर उभा राहून मराठी निबंधाचा इतिहास लिहू लागतो, तेव्हा त्याने काय वगळले हे त्याला कळतही नाही. त्याने काहीच वगळलेले नसते, ते त्याच्या हाती आलेलेच नसते.

प्राचीन वाङ्मयाची अडचण याहून वेगळी. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. ती भगवद्गीतेवरील टीका आहे; म्हणून तिची एक जागा २९४.५९२४ येथे, हिंदू धर्मग्रंथांतील गीतेच्या शेजारी. ती मराठी कविता आहे; म्हणून तिची दुसरी जागा ८९१.४६१ येथे. पहिल्या जागी ती शांकरभाष्य आणि गीतारहस्य यांच्या पंगतीला बसते. दुसऱ्या जागी नामदेव, एकनाथ आणि मुक्तेश्वर यांच्या. वारकऱ्याला पहिली जागा खरी वाटेल आणि मराठीच्या अध्यापकाला दुसरी. पण ज्ञानदेवांच्या दृष्टीने हे दोन प्रश्न वेगळे होते असे मानायला ग्रंथात आधार नाही. शास्त्रार्थ आणि रस यांची फारकत त्या काळाने केलेली नव्हती. 'लीळाचरित्र' तर त्याहून बिकट : ते चरित्र आहे, पंथाचा आधारग्रंथ आहे आणि मराठी गद्याचा आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथही आहे. या धर्मवर्गाविषयी एक गोष्ट नमूद करायला हवी. दोनशेच्या वर्गातील बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला आणि बायबलला दिलेली असून इतर सर्व धर्म २९० या एका विभागात कोंबलेले आहेत. १९९६ सालच्या एकविसाव्या आवृत्तीत ख्रिस्ती धर्मावरील सर्वसाधारण ग्रंथ २०० वरून २३० वर नेऊन हा कल काहीसा सौम्य करण्यात आला. परंतु घराचा मूळ आराखडा तोच राहिला. मराठीची थोर काव्ये धर्मात ठेवली की ती या शेवटच्या खोलीत जातात.

वर्गांक हा केवळ शोधण्याची सोय नसतो, तो नात्यांविषयीचे विधानही असतो, याचे आणखी एक उदाहरण कोकणीचे. दशांश तक्त्यात कोकणी साहित्याचा क्रमांक ८९१.४६९ आहे. अंकांची साधी समज असणाऱ्यालाही तो मराठीच्या ८९१.४६ चा पोटविभाग वाटतो. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद गोमंतकात दीर्घकाळ आणि कडवटपणे चालला. साहित्य अकादेमीने १९७५ साली तिला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचा समावेश झाला. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न सुटला. फळीवर मात्र ती अद्याप मराठीच्या दशांशात राहते. ८९० या आकड्यात आपली भाषा 'इतर' ठरली म्हणून खंत करणाऱ्या मराठी अभ्यासकाने आपल्या क्रमांकाच्या शेपटाला कोण बांधले गेले आहे याकडेही पाहावयास हवे.

भारतीय ग्रंथपालांनी हा प्रश्न ओळखला नाही असे नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले, तेव्हा त्याने तेथील संग्रहासाठी स्वतंत्र वर्गीकरण योजले होते. मूलगामी उत्तर मात्र दिले ते शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचे हे अध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथील एका मोठ्या दुकानात 'मेकॅनो' हे खेळणे त्यांनी पाहिले. त्याच त्या पट्ट्या, चाके आणि खिळे वेगवेगळ्या रीतीने जोडून वेगवेगळ्या वस्तू तयार होतात हे पाहून त्यांना वाटले की विषयही असेच घडत असतात. तयार खण करून त्यांत ग्रंथ कोंबण्याऐवजी विषयाचे मूळ पैलू वेगळे करावेत आणि प्रत्येक ग्रंथासाठी ते नव्याने जोडावेत. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या द्विबिंदू वर्गीकरणाचे बीज येथे आहे.

या पद्धतीत साहित्याचा वर्गांक भाषा, प्रकार, लेखक आणि कृती या पैलूंनी बनतो. आणि लेखक ओळखला जातो तो त्याच्या जन्मवर्षावरून. शतकासाठी एक रोमन अक्षर आणि पुढे दोन अंक. शेक्सपिअर १५६४ चा, म्हणून 'जे ६४'. युक्ती सुंदर आहे. वाङ्मयाचा इतिहास आपोआप फळीवर कालक्रमाने उभा राहतो. मात्र ती मराठी संतांपर्यंत येते तेव्हा ग्रंथपालाला संशोधकाच्या दारात जावे लागते. तुकारामांचा जन्म १५९८ चा की १६०८ चा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पहिला मानला तर तुकाराम 'जे ९८' येथे, सोळाव्या शतकातील कवींच्या शेवटी. दुसरा मानला तर 'के ०८' येथे, सतराव्या शतकाच्या आरंभी आणि रामदासांचा निकटचा शेजारी. गाथेतील एकही अक्षर न बदलता केवळ एका कालनिर्णयाने तिची पंगत बदलते. मराठी संशोधनातील जन्मशकांचे वाद कोरडे मानले जातात. त्यांचा असाही एक दृश्य परिणाम संभवतो.

रंगनाथनांनी अभिजात ग्रंथांसाठी एक वेगळी तजवीज केली होती. मूळ ग्रंथ, त्यावरील टीका आणि टीकेवरील टीका ही सर्व फळीवर लागून राहावीत अशी ती तजवीज. भाष्यपरंपरेत वाढलेल्या मनालाच ती सुचू शकते. याहून मोलाचा आहे तो त्यांचा शेजाराविषयीचा विचार. वाचक फळीसमोर उभा राहतो तेव्हा मध्यभागी त्याच्या विषयाची दाट छाया असावी, दोन्ही बाजूंना संबंधित विषयांची उपच्छाया असावी आणि त्यापलीकडे परके विषय असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रहणाच्या परिभाषेतून घेतलेली ही प्रतिमा वर्गीकरणाचे मर्म सांगते. ग्रंथ कोठे ठेवला याचा अर्थ, तो कोणाच्या सावलीत ठेवला.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे स्वरूप येथे स्पष्ट होते. 'बलुतं' खाली असते तर त्याची उपच्छाया लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'सारख्या पुस्तकांची झाली असती. मग त्यातील निवेदनाची तऱ्हा, सांगणारा दगडू आणि ऐकणारा लेखक यांचे दुहेरी रूप, बोली आणि प्रमाणभाषा यांतील ये-जा, असे प्रश्न शेजारामुळेच उपस्थित झाले असते. वर ते अहवालांच्या सावलीत होते. तेथे पडणारा प्रश्न एकच : हे खरे आहे का आणि किती जणांच्या बाबतीत खरे आहे? शिवाय त्या वर्गाच्या शीर्षकात परके झालेले आणि बाहेर ठेवलेले समाजगट असा आशय होता. 'बहिष्कृत' हा शब्द तिला परिचित होता. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाला 'बहिष्कृत भारत' हे नाव दिले, तेव्हा तो शब्द बोलणाऱ्याने स्वतःसाठी, आवाज उठवण्यासाठी निवडला होता. इथे तोच आशय दुसऱ्या कोणीतरी पुस्तकाच्या पाठीवर चिकटवला होता. वडिलांच्या पेटीतील प्रतीवर असा काही आकडा नव्हता.

ती ग्रंथपालांकडे गेली. प्रश्न तिने तक्रारीच्या सुरात मांडला, हे स्वाभाविक होते. ग्रंथपालांनी वाद घातला नाही. त्यांनी वरची प्रत मागवली आणि तिच्या शेवटच्या पानावरील तारखांची चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. शिक्क्यांनी ती भरलेली होती. तिच्याखाली दुसरी चिठ्ठी होती, तीही भरलेली. "समाजशास्त्राची मुलं हे वाचतात, आणि राज्यशास्त्राचीही," ते म्हणाले. "खाली आणलं तर तुमच्या विभागाला मिळेल, पण त्यांच्या वाटेतून जाईल. एकच प्रत आहे. ती मी कुणापासून काढून घेऊ, तुम्हीच सांगा."

या प्रश्नाला उत्तर नव्हते. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा हे रंगनाथनांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी एक. आणि या ग्रंथाला तो मिळालेला होता, केवळ तिने कल्पिला होता तेथे नव्हे. मराठी विभागाच्या घोड्यांवरील किती आत्मचरित्रांच्या चिठ्ठ्या अशा भरलेल्या होत्या, हे तिला ठाऊक होते. ज्याला ती अवमान समजत होती, त्यात एक प्रकारचे स्वागतही होते. तरीही तिचा मूळ आक्षेप त्यामुळे खोटा ठरत नव्हता. समाजशास्त्राचा विद्यार्थी ते पुस्तक वाचत होता तो माहितीसाठी. ते कसे सांगितले आहे हे वाचण्याची जबाबदारी ज्यांची, त्यांच्या मजल्यावर ते नव्हते.

अडचण मूलतः भौतिक आहे. विचार एकाच वेळी अनेक ठिकाणी असू शकतो. पुस्तक एकाच फळीवर राहू शकते. तालिकापत्रांच्या काळात यावर उपाय होता तो जादा नोंदींचा. पुस्तक कोठेही असो, त्याची पत्रे तीन-चार विषयांखाली लावता येत. आता तालिका संगणकावर आली आहे आणि नाव टंकताच पुस्तकाची जागा क्षणात दिसते. पण त्यासाठी नाव आधी माहीत असावे लागते. ज्याचे नाव माहीत नाही ते पुस्तक भेटते ते शेजारामुळे किंवा विषयशीर्षकामुळे. आणि विषयशीर्षक देणाराही तोच निर्णय घेत असतो, जो पाठीवर आकडा लिहिणाऱ्याने घेतला. यंत्राने शोध वेगवान केला, निर्णय नाहीसा केला नाही. उलट आकडा निदान डोळ्यांना दिसत असे. शोधाच्या पडद्यावर काय उमटले नाही हे दिसतच नाही.

म्हणून वर्गीकरणाविषयीची जबाबदारी केवळ ग्रंथपालाची मानता येत नाही. ग्रंथपालासमोर पुस्तकांचा ढीग असतो आणि प्रत्येकाला एक क्रमांक देऊन मोकळे व्हायचे असते. तो मलपृष्ठ, अनुक्रम आणि प्रस्तावना पाहून ठरवतो. प्रस्तावनाकारांनीच पुस्तकाला 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून गौरवले असेल, तर तो ते समाजशास्त्रात ठेवील यात नवल नाही. आत्मकथनांच्या आरंभीच्या स्वागतात हा शब्द किती वेळा आणि किती कौतुकाने वापरला गेला, हे त्या काळची परीक्षणे चाळणाऱ्यास आढळून येईल. वरच्या मजल्याचा रस्ता अशा रीतीने मराठी समीक्षेनेही दाखवलेला होता. पाठीवरचा वर्गांक ही ग्रंथावर लिहिलेली सर्वांत त्रोटक समीक्षा असते, आणि ती बहुधा दीर्घ समीक्षेचा सारांश असते.

विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधाचा आराखडा बदलला. पहिल्या प्रकरणात तिने साहित्यप्रकाराची व्याख्या देण्याऐवजी तिच्या अभ्यासातील प्रत्येक पुस्तक ग्रंथालयात कोठे सापडले याची नोंद दिली. काही साहित्यात होती, काही चरित्रात, काही जाती-जमातींच्या अभ्यासात, एक स्त्री-अभ्यासात. 'स्मृतिचित्रे'लाही तिघे दावेदार निघू शकतात हे तिच्या ध्यानात आले : साहित्य, चरित्र आणि भारतातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास. या नोंदी करण्यासाठी तिला इमारतीच्या सर्व मजल्यांवर फिरावे लागले. त्या फिरण्यात तिला अशी दोन आत्मकथने मिळाली, ज्यांची नावे तिने वाचलेल्या कोणत्याही वाङ्मयेतिहासात नव्हती. मार्गदर्शकांनी हे प्रकरण प्रथम अवांतर म्हणून बाजूला ठेवले होते. ती दोन पुस्तके पाहिल्यावर ठेवू दिले.

ग्रंथपालांनी 'बलुतं'ची जागा बदलली नाही. पण काही दिवसांनी खालच्या मजल्यावर, ८९१.४६८ च्या रांगेत, पुस्तकाच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा उभा राहिलेला दिसला. त्याच्या पाठीवर मामांच्या अक्षरात लेखकाचे व पुस्तकाचे नाव होते आणि खाली लिहिले होते : 'वर पाहा, ३०५.५६८'. असे ठोकळे ठेवण्याची ग्रंथालयांतील रीत जुनीच आहे. त्या रांगेत पुढे आणखी चार ठोकळे आले. एकाची चिठ्ठी निघाली होती, ती तिने स्वतः चिकटवली.

सुट्टीत घरी गेल्यावर तिने वडिलांना हे सर्व सांगितले. ते पेटी उघडून काही कागद शोधत होते. ऐकून त्यांनी पुस्तक बाहेर काढले, आधी कव्हरवरची आणि मग दाखल्यावरची धूळ झटकली, आणि दोन्ही पुन्हा एकावर एक, होते तसे ठेवले.